बुधवारची गोळी

माझ्या धाकट्या मावसबहिणीच्या सुरतच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर ‘कालनिर्णय’ आहे. आपल्याकडे असते तसेच. शेगडीच्या बाजूला, कडा तेलकट झालेले, एका खिळ्यावर लटकणारे. त्यावर दुधाचा हिशेब आहे, एकादश्या आणि संकष्ट्या आहेत, गॅसचा नवा सिलिंडर कधी लावला ती तारीख आहे. आणि प्रत्येक बुधवारभोवती लाल पेनाने एक गोल काढलेला आहे. गोलाच्या आत 6 हा आकडा. त्या रात्री गोळ्या दिल्या गेल्या की बहिणीच्या सासूबाई त्या गोलावर आडवी रेघ मारतात.

या गोलांची गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना आमच्या घरची एक चूकही सांगावी लागेल. बहिणीला विचारूनच लिहितो आहे.

सुरत म्हटले की आम्हा मराठी माणसांना शाळेच्या पुस्तकातल्या दोनच गोष्टी आठवतात. 1664 साली शिवाजी महाराजांनी केलेली लूट आणि 1907 साली मोडलेले काँग्रेसचे अधिवेशन. फार तर ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही गुजराती म्हण. त्या शहरात मराठी माणसांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत हे मला बहीण तिथे दिली तेव्हा कळले. उधना, लिंबायत, डिंडोली या बाजूला फिरा, धुळे-जळगावची मराठी आणि अहिराणी सतत कानावर पडते. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, दारोदार गणपती बसतात. भुसावळकडे जाणारी रेल्वे उधन्यालाच मुंबईच्या मार्गापासून फुटते. त्याच रुळांवरून खानदेशातली माणसे मागांवर काम करायला येत राहिली. मेहुण्यांचे वडील अमळनेरकडून आले ते असेच. मेहुणे मात्र मागावर गेले नाहीत, हिऱ्याच्या कारखान्यात लागले. ते हिरे घासत नाहीत, हिऱ्यांच्या पुडक्यांचा हिशेब सांभाळतात. हे पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवले.

त्यांचा मुलगा, इथे त्याला बाबू म्हणू या, पाच वर्षांचा असताना आजारी पडला. हटता न हटणारा ताप, पांढरा पडलेला चेहरा, पायांवर न पडता-धडपडता उमटलेले काळेनिळे डाग. रक्त तपासले आणि अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हे नाव आमच्या घरात शिरले. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच. एकेकाळी यातून मूल वाचत नसे. 1948 साली बोस्टनच्या सिडनी फार्बर या डॉक्टरांनी अमिनोप्टेरिन नावाच्या औषधाने काही मुलांचा आजार थोड्या काळापुरता का होईना मागे सारला, तिथून या कथेने वळण घेतले. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आले ते यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच वर्षी ते वारले. आज बाबू जे मेथोट्रेक्सेट घेतो ते त्या अमिनोप्टेरिनचेच भावंड. दुसरे औषध व्हिन्क्रिस्टिन, ते तर आमच्या अंगणातले! तुळशी वृंदावनाशेजारी मावशीने लावलेली, कोणी पाणी घालो न घालो बारमास फुलणारी सदाफुली असते ना, तिच्यातून ते निघते. बहिणीला हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा तिने रात्री अकराला मला फोन केला होता. “दादा, आपली सदाफुली रे!” एवढेच म्हणाली आणि रडू लागली.

आज चांगली सोय असेल तर अशी बहुतेक मुले बरी होतात. पण उपचार लांबलचक. पहिले काही महिने इस्पितळातच जवळजवळ मुक्काम, शिरेतून आणि पाठीच्या कण्यातून इंजेक्शने. नंतर दीड-दोन वर्षे गोळ्या, ज्यात मूल घरी असते, शाळेत जाते, पतंग उडवते. डॉक्टर त्याला मेंटेनन्स म्हणतात. इस्पितळातून सुटका झाली म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो, आणि त्याच वेळी इस्पितळाचे काम गुपचूप आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसलेले असते. हे आम्हाला उमगले नव्हते.

बाबूला दोन गोळ्या होत्या. मर्कॅप्टोप्युरिन रोज रात्री एक. मेथोट्रेक्सेट अडीच मिलिग्रॅमच्या सहा, पण आठवड्यातून एकदाच, बुधवारी. ही मात्रा सगळ्या मुलांना सारखी नसते. मुलाची उंची आणि वजन यांवरून त्याच्या अंगाचे क्षेत्रफळ काढतात, त्यावर मात्रा ठरते, रक्त तपासून ती वर-खाली करतात. त्यामुळे आज सहा असलेल्या पुढच्या महिन्यात पाच होतील किंवा सात. मोठ्यांच्या औषधांचे तसे नसते. रक्तदाबाची गोळी माणूस वर्षानुवर्षे तीच घेतो, डोळे मिटून घेतो. मुलांच्या बाबतीत प्रत्येक चिठ्ठी म्हणजे नवे गणित, आणि गणित म्हटले की चूक आलीच. एक दशांश चिन्ह पुसट उमटले तरी दहापट. शिवाय मूल सांगू शकत नाही की ही गोळी कालच्यासारखी दिसत नाही.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात माझ्या मावशीच्या यजमानांचे वर्षश्राद्ध होते. बहिणीने यावे असा आम्ही सर्वांनी आग्रह केला. मीच जास्त केला. आठ दिवसांसाठी बाबूला सासूबाईंवर सोपवून ती फोंड्याला आली. निघण्यापूर्वी तिने सगळे समजावून सांगितले होते. पण मेथोट्रेक्सेटची जुनी पाने संपत आली होती, आणि मंगळवारी मेहुणे कामावरून येताना वाटेतल्या एका दुकानातून नवी घेऊन आले. (आम्ही गोवेकर ज्याला फार्मसी म्हणतो त्याला तिथे मेडिकल म्हणतात.) इस्पितळाच्या चिठ्ठीवर दोन ओळी होत्या. पहिलीत ‘6-एमपी’, म्हणजे मर्कॅप्टोप्युरिनचे लाडके नाव, रोज रात्री एक. दुसरीत ‘एमटीएक्स’, सहा, आठवड्यातून एकदा. इंग्रजीत, घाईच्या अक्षरात. दुकानातल्या मुलाने वरचा 6 आणि खालचा 6 यांची गल्लत केली आणि मेथोट्रेक्सेटच्या कागदी पाकिटावर गुजरातीत लिहून दिले: 6, रोज रात्री.

सासूबाईंना मराठी वाचता येते, गुजरातीचे आकडे आणि ‘रोज’ हा शब्द इतक्या वर्षांत ओळखीचे झालेले. सुनेने सांगितलेले थोडे वेगळे होते असे त्यांना वाटले. पण पाकिटावर लिहून आले आहे म्हणजे डॉक्टरांनी बदलले असेल. मागच्या महिन्यातही बदलले नव्हते का?

शनिवारी सकाळी मावशीच्या ओसरीवर बसून बहिणीने फोन लावला. मी शेजारी चहा पीत होतो. तिने विचारले, बुधवारच्या गोळ्या दिल्या ना? स्पीकरवरून सासूबाईंचा आवाज आला, अगदी समाधानाचा. “रोज देते ना बाई. बुधवार, गुरुवार, काल. एक बी दिवस खाडा नाही केला मी.”

बहिणीचा चेहरा मी विसरणार नाही.

इस्पितळाच्या वॉर्डचा नंबर तिला पाठ होता. तासाभरात बाबू दाखल झाला. मेथोट्रेक्सेट शरीरातल्या फॉलिक अॅसिडचे काम अडवते, म्हणून पेशी वाढू शकत नाहीत. आठवड्यातून एकदा दिले तर चांगल्या पेशींना सावरायला सहा दिवस मिळतात. रोज दिले तर मिळत नाहीत. म्हणून तर हे औषध रोज घेतले गेल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी जगभर आहेत, आणि त्यांत कर्करोगाचे रुग्ण थोडे, संधिवाताचे जास्त. हो, संधिवाताला आणि सोरायसिसलाही हेच देतात. तुमच्या घरात कोणी आजी-काकी ते घेत असेल तर आज एकदा तिच्या डब्यात डोकावून पाहा.

दाखल होताच त्याला फोलिनिक अॅसिड सुरू केले. ते या औषधावरचा उतारा. बहीण आणि मी मडगावहून वसईमार्गे गुजरातेत जाणारी गाडी पकडली. तिकिटे कशी मिळवली ते सोडा. रात्रभर ती खिडकीशी टेकून बसली होती, एक शब्द बोलली नाही. पोचलो तेव्हा बाबूचे तोंड आले होते. साधे तोंड येणे नव्हे. ओठापासून घशापर्यंत सोलून निघाल्यासारखे. थुंकी गिळायची तरी डोळ्यांतून पाणी. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली खाली चाललेल्या. सुरतेला खाण्याचे शहर म्हणतात, याला लोचो आवडतो, खमण आवडते. आणि हे पोर चार दिवस पाणीसुद्धा नको म्हणत होते. पाचव्या दिवशी बहिणीने गार केलेली पातळ पेज आणली, मिठाशिवाय, आणि चमच्याच्या टोकाने थेंब थेंब घातली. अकरा दिवसांनी तो घरी आला. वाचला. पण सुटलो हा शब्द आमच्यापैकी कोणी उच्चारला नाही.

त्या अकरा दिवसांत मला इस्पितळाचा वॉर्ड जवळून पाहायला मिळाला. प्रत्येक औषधाच्या वेळी नर्स यायची आणि बाबूला विचारायची, “तारुं नाम शुं छे?” दिवसातून सहा वेळा. तो वैतागायचा. तुला माहीत आहे ना माझे नाव! एकदा त्याने मुद्दाम एका सिनेमातल्या हिरोचे नाव सांगितले. मला हसू आले. नर्स हसली नाही. तिने हातातली सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली, त्याच्या मनगटावरची पट्टी वाचली, आणि खरे नाव त्याच्या तोंडून आल्यावरच सिरिंज पुन्हा उचलली. मग हसली. कर्करोगाचे औषध असले की दुसरी नर्स यायची. एकीने मोठ्याने वाचायचे, दुसरीने बाटलीवर बघून हुंकार द्यायचा. मला आमच्या जत्रेतल्या नाटकाचा प्रॉम्प्टर आठवला. गावातला कितीही कसलेला नट असो, विंगेत पुस्तक घेऊन कोणीतरी उभा असतोच, आणि त्यात नटाला कधी कमीपणा वाटलेला मी पाहिला नाही.

हे सगळे विचारणे आणि वाचणे फुकाचे नाही. जानेवारी 2001 मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या एका मोठ्या इस्पितळात वेन जोवेट हा अठरा वर्षांचा मुलगा आपल्या ठरलेल्या इंजेक्शनांसाठी आला. त्याचाही ल्युकेमियाच, आणि तो आटोक्यात आलेला. एक औषध पाठीच्या कण्यात द्यायचे होते, दुसरे, तेच आपले सदाफुलीचे व्हिन्क्रिस्टिन, शिरेत. दोन्ही सिरिंज एकत्र आल्या. दोन डॉक्टर हजर होते. व्हिन्क्रिस्टिन पाठीत गेले. शिरेत ते औषध, कण्यात ते विष. महिन्याभराने मुलगा गेला. अशा घटना 1968 पासून जगात ठिकठिकाणी नोंदल्या गेल्या होत्या. बाटलीवर सूचना छापूनही त्या थांबल्या नव्हत्या, आणि माणसे तर शिकलेलीच होती.

एका डॉक्टरला पुढे शिक्षाही झाली. पण ब्रायन टॉफ्ट यांनी त्या घटनेची जी चौकशी केली तिच्यात एका माणसाच्या निष्काळजीपणापेक्षा बारीकसारीक ढिलाईची एक लांब साखळी दिसते. त्या साखळीतला कोणताही एक दुवा घट्ट असता तर पुढचे टळले असते. उपाय निघाला तो अगदी साधा. व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरायचेच नाही. सलाईनच्या लहान पिशवीत पातळ करून द्यायचे. पिशवी कोणी पाठीच्या सुईला लावायला जाणार नाही. 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या देशांना हेच कळवले. आता तर पाठीच्या सुईला शिरेची सिरिंज बसूच नये अशी निराळ्या मापाची जोडणीही निघाली आहे. डॉक्टर दमलेला असो, नवा असो, घाईत असो, ते बसणारच नाही.

बाबू दाखल असताना एका संध्याकाळी मेहुणे त्या दुकानात जाऊन भांडायला निघाले होते. त्यांचे डोळे लाल झाले होते. मी सोबत निघालो. खरे सांगायचे तर मलाही भांडायचे होते. माझा आग्रह नसता तर बहीण घरी असती ही टोचणी दुसऱ्या कोणावर तरी टाकायची होती. रिंग रोडच्या सिग्नलला गाडी थांबली आणि ते एकदम म्हणाले, “दादा, आमच्या कारखान्यात पुडक्याचं वजन कमी आलं तर काय करतात ठाऊक आहे?”

मग त्यांनी जे सांगितले ते मी जसे आठवते तसे लिहितो. कच्चा हिरा कागदाच्या घडीत असतो. घडीवर नग किती आणि वजन किती ते लिहिलेले. ते पुडके एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक वेळी काट्यावर चढते. देणारा बघतो, घेणारा बघतो, नोंद होते. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, त्याचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. त्या सेंटाचाही हिशेब लागतो. सख्खा भाऊ घ्यायला आला तरी तोलल्याशिवाय देत नाहीत, आणि भाऊ रागावत नाही. आणि वजन कमी भरलेच तर कोणाची कॉलर धरण्याआधी टेबलाखाली झाडतात, मग काटा तपासतात, मग वही. चोरी सगळ्यात शेवटी.

“बाबूच्या एका गोळीत अडीच मिलिग्रॅम,” ते म्हणाले, “म्हणजे सव्वा सेंट. एवढ्या वजनाच्या दगडाला आम्ही चार वेळा तोलतो. आणि मी माझ्या पोराचं पाकीट खिशात टाकून घरी आलो, उघडून वाचलंसुद्धा नाही.”

सिग्नल सुटला. आम्ही दुकानाकडे न जाता इस्पितळात परतलो.

दुकानात ते गेले, पण चार दिवसांनी आणि शांतपणे. पाकीट समोर ठेवले आणि काय झाले ते सांगितले. तो मुलगा विशीचा होता. तो पांढराफटक पडला. मालकाने आधी हात झटकले आणि मग चिठ्ठी मागून घेऊन बराच वेळ बघत राहिला. पुढे त्या दुकानात काय बदलले ते मी सांगू शकत नाही. इस्पितळात काय बदलले ते मात्र डोळ्यांनी पाहिले.

तिथे औषधांच्या खिडकीवर एक तरुण फार्मासिस्ट होती, गुजराती, मराठी मोडकेतोडके. बाबूच्या प्रकरणाची हकिकत तिने लिहून वरिष्ठांकडे दिली होती, आणि त्या कागदावर कोणाचेही नाव गुन्हेगार म्हणून नव्हते. मी तो वाचला. इस्पितळाची चिठ्ठीही त्यात चुकांच्या यादीत होती. ‘6-एमपी’ हे नाव तिने लाल शाईने अधोरेखित केले होते. नावाला चिकटलेल्या या आकड्यामुळे सहापट मात्रा दिल्या गेल्याचे प्रकार पूर्वी घडले आहेत, म्हणून पूर्ण मर्कॅप्टोप्युरिनच लिहा, अशी ताकीद अमेरिकेतली आयएसएमपी ही संस्था देत आलेली आहे. ‘एमटीएक्स’चेही तेच. ब्रिटनमध्ये तर 2020 पासून असा आग्रह आहे की आठवड्याने घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या चिठ्ठीवर तो वार पूर्ण अक्षरांत लिहायचा, आणि गोळी एकाच ताकदीची, अडीचचीच द्यायची. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलने 2016 साली नियम दुरुस्त करून औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितले, ते चांगलेच झाले. पण मोठी अक्षरे इंग्रजीचीच. सासूबाईंच्या कामाची नाहीत.

मला नेहमी वाटत आले आहे की भाषेचा प्रश्न म्हणजे संमेलने, ठराव आणि वृत्तपत्रांतली पत्रे. आम्हा गोवेकरांना तर त्या वादांची सवयच झालेली. त्या खिडकीपुढे उभा राहून पहिल्यांदा जाणवले की आजीला वाचता येईल अशा लिपीत ‘फक्त बुधवारी’ हे दोन शब्द लिहिणे हाही भाषेचाच प्रश्न आहे, आणि तो एखाद्या पोराच्या घशाशी येऊन ठेपतो.

सुटीच्या दिवशी त्या मुलीने आम्हा सगळ्यांना खिडकीच्या आत बोलावले. सासूबाई यायला तयार नव्हत्या. त्या दिवसापासून त्यांनी औषधाच्या डब्याला हात लावला नव्हता. बाबूला पाणीसुद्धा दुसऱ्याने द्यावे असे त्यांना वाटे. जेवण अर्ध्यावर सोडून उठायच्या. बहिणीने त्यांना एक शब्द बोललेला नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागत होते. फार्मासिस्टने स्वतः बाहेर येऊन त्यांचा हात धरला. खुर्चीवर बसवले. आणि प्रश्न विचारला तो सगळ्यांना: डॉक्टरांच्या औषधांशिवाय घरात बाबूला आणखी काय काय देता?

बहीण आणि मेहुणे दोघांनी माझ्याकडे पाहिले.

कारण उन्हाळ्यात मी गोव्याहून एक पुडा नेला होता. आमच्याकडचे एक नाव असलेले गृहस्थ झाडपाल्याचे औषध देतात. लोक लांबून येतात. मी रांगेत उभा राहून ते आणले होते, प्रेमाने, आणि बहिणीला बजावले होते की डॉक्टरांना सांगू नकोस, उगाच रागावतील. ते अधूनमधून दिले जात होते. त्यात काय आहे ते मला आजही माहीत नाही. फार्मासिस्ट रागावली नाही. तिने यादीत शेवटची ओळ म्हणून ते लिहिले, समोर ‘बंद’ असे लिहिले आणि सांगितले की या दोन्ही गोळ्यांचा ताण यकृतावर पडतो, त्यात अनोळखी भर नको. कोणी सदाफुलीच्या पानांचा रस द्यायला सांगेल, तोही नको. सदाफुलीतून जेवढे घ्यायचे ते मोजून, गाळून इथल्या बाटलीत आलेले आहे. आणि ताप आला तर घरच्या घरी गोळी देऊन उतरवायचा नाही, आधी फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. दुकानातल्या मुलावर ओरडायला निघालेला मी मान खाली घालून ऐकत होतो.

मग तिने दोन डबे काढले. पिवळ्या झाकणाचा रोजचा, लाल झाकणाचा बुधवारचा. लाल डब्यावर देवनागरीत चिठ्ठी. त्यात एका वेळी एका बुधवारच्याच गोळ्या राहतील, बाकीच्या कपाटात. सगळे समजावून झाल्यावर, समजले का, असे तिने विचारलेच नाही. सासूबाईंकडे डबे सरकवून म्हणाली, “आजी, आता तुम्ही मला शिकवा. मी बाबूची आई आहे आणि मला काही येत नाही.”

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी लाल डबा उचलला. त्यांचा हात थरथरत होता. हा बुधवारचा, म्हणाल्या. सहा. फक्त बुधवारी. एकदा गडबडल्या, सात म्हणाल्या, स्वतःच जीभ चावली. पुन्हा पहिल्यापासून सांगितले. फार्मासिस्टने त्यांच्याकडून तीन वेळा म्हणून घेतले. आणि घरी बुधवारच्या गोळ्या आजींनीच द्यायच्या, मोजायला मात्र घरातले दुसरे कोणी हवे, असे तिने चिठ्ठीवर लिहून दिले. मला वाटते औषधाच्या त्या सगळ्या कागदांत ही ओळ सर्वांत महत्त्वाची होती. बहीण तोवर आवरून होती, ती इथे फुटली.

जागतिक आरोग्य संघटना दर 17 सप्टेंबरला रुग्णसुरक्षेचा दिवस पाळते. 2022 साली त्याचा विषय औषधांची सुरक्षितता हा होता, आणि 2025 साली बालके व नवजात शिशू. मला हे दिवस वगैरे फारसे पटत नाहीत, भित्तिपत्रके लागतात आणि उतरतात. पण ती मुलगी म्हणाली की डबे आणि तीन भाषांतल्या चिठ्ठ्या यांसाठी वरिष्ठांकडून मंजुरी मिळवायला तिला असाच एक दिवस उपयोगी पडला होता. असो. आता तिथल्या प्रत्येक मुलाला डबे मिळतात, आणि मेथोट्रेक्सेटची गोळी इस्पितळाच्याच खिडकीवरून, पुढच्या तपासणीपर्यंत पुरेल इतकीच, मोजून देतात. बाहेरून आणायची वेळ येऊ नये म्हणून.

कालनिर्णयावरचे गोल ही मात्र सासूबाईंची कल्पना. डब्यावर त्यांचा भरवसा अजून पुरता बसलेला नाही.

दर बुधवारी रात्री साडेआठला मला सुरतहून फोन येतो. व्हिडिओ लावलेला असतो. स्टीलच्या वाटीत सासूबाई एकेक गोळी टाकतात, तिचा टण्ण असा आवाज येतो, आणि बाबू मोजतो. कधी मराठीत, कधी गुजरातीत, खोडी काढायची असली तर उलटी, छ, पांच, चार. मेहुणे मागे उभे असतात, पाकिटावरचे नाव मोठ्याने वाचतात. मला विचारतात, दादा, किती? मी सहा म्हणतो. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी मात्रा वाढवली, तेव्हा त्या महिन्याच्या उरलेल्या गोलांत खाडाखोड करून 7 केले आहेत, आणि मी सवयीने सहा म्हणालो. चौघेही एकदम ओरडले.

नव्या वर्षाचे कालनिर्णय आणले तेव्हा सासूबाईंनी एका बैठकीत सगळे बुधवार गोल करून टाकले होते, आषाढापर्यंत. डॉक्टरांनी सांगितलेला शेवटचा बुधवार तिथे येतो. त्याच्या पुढची पाने कोरी आहेत. तिथे फक्त दुधाचा हिशेब लिहायला त्यांनी रकाने आखून ठेवले आहेत.